जुन्या वाहनातील टायमिंग चेनचा बिघाड : निदान आणि दक्षता

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात, पनवेलपासून समुद्राकडे जाणाऱ्या पट्ट्यात द्रोणागिरीचा परिसर वसलेला आहे. सिडकोने नवी मुंबईचा एक विभाग म्हणून त्याची आखणी केली. १९८९ साली जवळच न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि येथील रस्त्यांवर कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची रीघ लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल गाडी धावू लागली व द्रोणागिरीलाही स्थानक मिळाले. तथापि रुग्णाला दवाखान्यात पोहोचविणे, शाळेतील मुलांची ने-आण आणि गावोगावची शासकीय कामे यांसाठी आजही जीप, व्हॅन यांसारख्या वाहनांवरच भिस्त आहे. ही वाहने बहुधा जुनी असतात. त्यांपैकी एखादे ऐन गरजेच्या वेळी वाटेत बंद पडले, तर हानी केवळ पैशाची होत नाही.

वाहन अकस्मात बंद पडण्याच्या कारणांपैकी एक खर्चिक कारण म्हणजे टायमिंग चेनचा बिघाड होय. तो सहसा पूर्वसूचनेशिवाय येत नाही. ती सूचना ओळखता यावी, यासाठी या विषयाची प्राथमिक माहिती वाहनाची जबाबदारी असणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

चेनचे कार्य

पिस्टनच्या हालचालीने क्रँकशाफ्ट फिरतो, तर वॉल्व्हची उघडझाप कॅमशाफ्ट करतो. या दोहोंचा मेळ राखण्याचे काम टायमिंग चेन करते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एकच फेरी व्हावी लागते. म्हणून वरच्या दातेरी चक्राला खालच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. चेन ताणलेली राहावी म्हणून टेन्शनर आणि ती हेलकावू नये म्हणून गाईड पट्ट्या बसविलेल्या असतात. अनेक इंजिनांत टेन्शनर हा ऑईलच्या दाबावर चालतो.

सर्वच वाहनांत चेन नसते. कित्येक गाड्यांत रबरी पट्टा, तर काही इंजिनांत केवळ गिअर असतात. प्रीमियर पद्मिनीत आणि अँबॅसडरच्या जुन्या १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात चेन होती. बजाज टेम्पो कंपनीने ट्रॅक्ससारख्या वाहनांत वापरलेल्या मर्सिडीज बनावटीच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनात दुहेरी ओळीची चेन आहे. निदानास आरंभ करण्यापूर्वी आपल्या वाहनात नेमके काय आहे, हे माहितीपुस्तिकेतून पाहून घ्यावे.

झीज का होते ?

‘चेन लांबली’ असे म्हटले जाते. परंतु पोलाद रबराप्रमाणे ताणले जात नाही. कड्यांच्या सांध्यांतील पिना व बुश झिजतात आणि त्या झिजेची बेरीज लांबीत दिसते. शंभर सांध्यांपैकी प्रत्येकात एक शतांश मिलिमीटर झीज झाली, तरी चेन एक मिलिमीटरने लांबते. टेन्शनर काही मर्यादेपर्यंत ही ढिलाई सामावून घेतो. त्यापुढे चेन आवाज करू लागते व अखेरीस एखाद्या दातावरून उडी मारते. खालच्या चक्राला २० दाते असतील, तर एक दात चुकताच वॉल्व्हची वेळ क्रँकशाफ्टच्या हिशेबाने १८ अंशांनी ढळते.

झिजेचे प्रमुख कारण म्हणजे इंजिन ऑईलची हेळसांड. वेळेवर न बदललेले, पातळी उतरलेले अथवा चुकीच्या प्रतीचे ऑईल पिनांचे रक्षण करू शकत नाही. डिझेल इंजिनात काजळी ऑईलमध्ये मिसळून झीज वाढविते.

द्रोणागिरी परिसरात याला आणखी एक बाजू आहे. ट्रेलरांच्या रांगेत वाहन पाऊण तास उभे राहिले, तर किलोमीटरच्या आकड्यात भर पडत नाही, पण चेन फिरतच असते. म्हणून केवळ किलोमीटर पाहून ऑईल बदलणे अशा ठिकाणी पुरेसे नाही. उभ्या स्थितीत इंजिन एक तास चालले, तर ढोबळमानाने ५० किलोमीटर धाव झाली असे धरावे. खाऱ्या हवेला मात्र या बिघाडाचा दोष देणे योग्य नव्हे. ती हवा पत्रा व विजेचे जोड खाते. चेन मात्र बंद आवरणात ऑईलमध्ये फिरत असते.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे रात्रभर उभे असलेले वाहन सकाळी सुरू करताच इंजिनाच्या पुढील बाजूने येणारा खळखळाट. दाबावर चालणाऱ्या टेन्शनरमध्ये ऑईल पोहोचेपर्यंत क्षणभर आवाज येणे काही इंजिनांत संभवते. तो दिवसेंदिवस लांबत गेला, किंवा अॅक्सिलरेटर सोडताच पुन्हा येऊ लागला, तर झीज झाली असे समजावे. त्यानंतर इंजिन उशिरा सुरू होणे, चढावर ओढ कमी पडणे, इंधन अधिक लागणे ही लक्षणे दिसतात. अलीकडच्या वाहनांत धोक्याचा दिवाही लागतो. ऑईल बदलताना फिल्टरमध्ये धातूचे कण वा गाईड पट्टीचे तुकडे आढळल्यास विलंब करू नये.

निदानाचा क्रम

निदान सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू करून क्रमाने पुढे न्यावे.

१. लॉगबुक पाहावे. ऑईल व फिल्टर शेवटचे केव्हा बदलले, आवाज केव्हापासून येतो, याची नोंद घ्यावी.

२. डिपस्टिकवर ऑईलची पातळी व रंग पाहावा. पातळी कमी असल्यास ती योग्य करून पुन्हा आवाज ऐकावा. कित्येकदा दोष एवढाच असतो.

३. आवाजाचे स्थान ठरवावे. फॅनबेल्ट काढून इंजिन काही क्षणच चालवावे. आवाज थांबला, तर दोष वॉटर पंपाच्या किंवा डायनामोच्या बेअरिंगचा असू शकतो. टॅपेटची टिकटिक वरच्या झाकणाखालून येते, चेनचा आवाज पुढच्या आवरणातून येतो.

४. ढिलाई मोजावी. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरणाऱ्या जुन्या पेट्रोल इंजिनात हे सोपे आहे. इग्निशन बंद करून डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढावे. क्रँकशाफ्टची पुली पान्याने हळूहळू मागेपुढे करावी व रोटर केव्हा हलतो ते पाहावे. पुली बरीच फिरूनही रोटर स्थिर राहिला, तर चेन सैल आहे.

५. खुणा जुळवाव्यात. इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्याच दिशेने फिरवून क्रँकशाफ्टची खूण जुळवावी आणि कॅमशाफ्टची खूण किती मागे आहे ते पाहावे. ओएम ६१६ मध्ये वरचे झाकण काढताच ही खूण दिसते. मिळालेला फरक पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा.

६. कॉम्प्रेशन तपासावे. एकाच सिलिंडरमध्ये ते कमी असेल, तर दोष त्या सिलिंडरच्या वॉल्व्हचा, रिंगांचा किंवा गॅस्केटचा असण्याचा संभव अधिक. सर्व सिलिंडरांमध्ये सारखेच कमी असेल आणि खुणाही जुळत नसतील, तर चेनने दात चुकविला असे मानावे.

चेन तुटल्यास

चालते इंजिन एकाएकी बंद पडले आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरू लागला, तर चेन तुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे किंवा वाहन ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न करणे ही सर्वात महाग पडणारी चूक होय. अनेक इंजिनांत, विशेषतः डिझेल इंजिनांत, थांबलेल्या उघड्या वॉल्व्हवर पिस्टन आदळतो. वॉल्व्ह वाकतात, प्रसंगी पिस्टनही फुटतो. वाहन ओढून गॅरेजमध्ये नेणे हाच मार्ग योग्य.

दुरुस्ती व खर्चाचा विचार

केवळ चेन बदलून झिजलेली चक्रे तशीच ठेवणे ही खोटी काटकसर आहे, कारण झिजलेले दाते नव्या चेनचीही झीज घडवितात. चेन, दोन्ही चक्रे, टेन्शनर व गाईड पट्ट्या यांची एकत्र तपासणी करून सदोष भाग एकाच वेळी बदलावेत. जोडणीनंतर इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात याची खात्री झाल्याशिवाय सेल्फ मारू नये.

शासकीय वाहनाबाबत आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. चौदाव्या वर्षी वाहनाचे संपूर्ण इंजिन उघडण्याचा प्रस्ताव आल्यास उरलेला काळ व खर्च यांचा मेळ पाहणे इष्ट ठरेल. मात्र निदान वेळीच झाले, तर असा प्रस्ताव येण्याची पाळीच सहसा येत नाही.

कार्यालयांनी व संस्थांनी काय करावे ?

लॉगबुकात किलोमीटरबरोबर इंजिन उभ्या स्थितीत चाललेल्या वेळेचाही रकाना ठेवावा. सकाळचा पहिला आवाज ऐकण्याची व वेगळेपण आढळल्यास त्याच दिवशी लेखी कळविण्याची जबाबदारी चालकावर सोपवावी आणि त्याच्या तक्रारीची दखल घ्यावी. बदललेले जुने भाग गॅरेजमधून परत मागून पाहावेत. झिजलेले चक्र आणि फुटलेली गाईड पट्टी हे देयकाच्या खरेपणाचे पुरावे होत. शिक्षकांना हेच भाग वर्गात दाखवून गती, दाते व प्रमाण यांचा पाठ प्रत्यक्ष वस्तूवरून शिकविता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मेकॅनिक डिझेल व मोटार व्हेईकल या व्यवसायांच्या प्रशिक्षणार्थींना तर निदानाचा हा क्रम विशेष उपयोगी पडेल.

वेळेवर बदललेले ऑईल आणि पहाटेच्या खळखळाटाकडे दिलेले लक्ष, एवढ्या दक्षतेने जुने वाहनही आपली उरलेली वर्षे भरवशाने काढू शकते. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघालेले वाहन मुक्कामी पोहोचणे हे बऱ्याच अंशी या दक्षतेवरच अवलंबून असते.