मागाचे पत्ते आणि रडारची चिप

तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपण कला शाखेचे विद्यार्थी चार हात दूर राहतो. परंतु संरक्षणक्षेत्रातील एका अभियंत्याचे काम आपल्याला वाटते तितके परके नाही. कारण त्याचे मुख्य साधन भाषा आहे.

प्रथम कापडाचे उदाहरण घेऊ. परळ-लालबागच्या माणसाला ते जवळचे. जॅकार्ड मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरील भोकांत असे. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथे खालीच राही. नक्षी बदलण्यासाठी माग मोडावा लागत नसे. पत्त्यांची माळ बदलली की झाले. ‘एफपीजीए’ या चिपचे तत्त्व याच जातीचे. तिच्यात छोटे तर्कघटक आणि त्यांना जोडणाऱ्या तारा असतात. कोणता घटक कोणाशी जोडायचा हे चिप कारखान्यातून बाहेर पडल्यावरही ठरवता येते. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली आणलेल्या अशा पहिल्या चिपमध्ये अवघे ६४ तर्कघटक होते. आज मोठ्या चिपमध्ये ते लाखांनी मोजतात.

रडारला हिचा उपयोग मोठा. परत येणाऱ्या लहरी कोणासाठी थांबत नाहीत. साधा संगणक सूचना एकामागून एक पाळतो. येथे शेकडो गुणाकार एकाच वेळी होतात, आणि उत्तर किती वेळात मिळेल हे आधी सांगता येते.

माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ २०२१ साली नौदलात दाखल झाली. अशी नौका काही दशके सेवेत राहते. चिपचे उत्पादन मात्र त्याआधीच बंद पडू शकते. मग तेच काम नव्या चिपकडून कसे करून घ्यायचे? अशाच अडचणींतून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० नंतरच्या दशकात ‘व्हीएचडीएल’ ही भाषा तयार करवून घेतली. १९८७ मध्ये ती प्रमाणित झाली. विद्युतमंडल कसे वागावे याचे वर्णन तिच्यात लिहितात. चिप बदलली तरी ते वर्णन कामी येते. वेळेचे गणित तेवढे पुन्हा तपासावे लागते.

तपासणी हाच या नोकरीचा मोठा भाग. वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थ चुकू शकतो, हे आपण जाणतोच. येथे अर्थ चुकला, रडारवरील ठिपका उशिरा दिसला, तर त्याची किंमत नौकेवरील माणसे मोजतात.

वीस वर्षांनी कोणी अनोळखी अभियंता ते वर्णन उघडील, तेव्हा विचारायला मूळ लेखक तेथे नसेल. ‘मोघम लिहू नका’ हा निबंधाच्या वहीवरील लाल शेरा मला पूर्वी जाचक वाटे. आता तसा वाटत नाही.