पाणी आणि अल्कोहॉल यांची फारकत

उसाची मळी किंवा धान्य आंबवून जो द्रव तयार होतो, त्यात अल्कोहॉलचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास असते. उरलेला बहुतेक भाग पाण्याचा. शुद्ध अल्कोहॉल सुमारे 78 अंश सेल्सिअसला उकळते, तर पाणी 100 अंशांना. तेव्हा ऊर्ध्वपातनाने दोहोंना वेगळे करणे सोपे वाटावे. परंतु अल्कोहॉलचे प्रमाण वजनाने सुमारे 95.6 टक्के झाले, की वाफेतील आणि द्रवातील घटकांचे प्रमाण सारखेच होते. मग त्याच दाबाखाली ते मिश्रण कितीही वेळा उकळले, तरी उरलेले पाणी हटत नाही. हे पाणी पेट्रोलच्या मिश्रणात राहिले, तर अल्कोहॉलला आपल्याबरोबर घेऊन टाकीच्या तळाशी बसते.

यावरचा जुना उपाय म्हणजे बेंझीन घालून पुन्हा ऊर्ध्वपातन करणे. पण बेंझीन कर्करोगास कारणीभूत होते, शिवाय उष्णताही पुष्कळ लागते. इंधन मिळविण्यासाठी इंधनच जाळावयाचे, तर हाती काय उरणार?

दुसऱ्या मार्गाची चाहूल 1917 मध्ये अमेरिकेत लागली. कोलोडियनच्या घट्ट बांधलेल्या पिशवीतील द्रव बाहेरच्या हवेत उडून जात असल्याचे पी. ए. कोबर यांनी नोंदविले व या क्रियेस ‘परव्हेपोरेशन’ हे नाव दिले.

आजच्या पटलांत पॉलिव्हिनिल अल्कोहॉल हे बहुवारिक वापरतात. त्याला पाण्याची ओढ असते. पाण्याचे लहान रेणू त्यात शिरतात, पलीकडे झिरपतात आणि तेथील निर्वातात त्यांची वाफ होते. अल्कोहॉल बहुतांशी मागे राहते. येथे निवड पटल करते, उकळणे नव्हे, म्हणून 95.6 टक्क्यांची अट आड येत नाही. उष्णताही मुख्यतः पलीकडे जाणाऱ्या थोड्या पाण्यापुरतीच लागते.

मात्र हे बहुवारिक स्वतःच पाण्यात विरघळते. म्हणून त्याच्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींस जोडतात आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा त्याचा थर सच्छिद्र आधारावर पसरतात. बंध कमी पडले, तर पटल फुगते व अल्कोहॉलही निसटते. जास्त झाले, तर पाणीच अडते.

फ्रान्समधील बेतेनिव्हील येथे 1988 मध्ये अशा पटलांचा मोठा कारखाना सुरू झाला. तरीही प्रारंभीचे मुबलक पाणी काढण्याचे काम ऊर्ध्वपातनाकडेच राहते, आणि शेवटच्या टप्प्यात पटलांना झिओलाइटच्या शोषक कणांशी स्पर्धा करावी लागते. जेथे उष्णता थांबते, तेथून पटलाचे काम सुरू होते.