रात्रौ घालावयाची भिंगे : पहिला पंधरवडा

नवागाम-दिंडोली भागातील आमच्या सभासदांच्या घरी हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. मुलाचा उणे नंबर दरवर्षी वाढतो आहे. तर रात्री घालून सकाळी काढावयाची भिंगे घ्यावीत काय? घेण्यापूर्वी काय अपेक्षावे, एवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

या उपचारास ऑर्थोकेराटॉलॉजी म्हणतात. कठीण भिंगाने बुबुळावरील पारदर्शक पडद्यास आकार देण्याची कल्पना अमेरिकेतील जॉर्ज जेसेन यांनी १९६२ साली मांडली. झोपेत घालावयाच्या अशा भिंगांस तेथील सरकारी मान्यता मात्र २००२ मध्ये मिळाली. मधल्या काळात प्राणवायू आरपार जाऊ देणारे द्रव्य निघाले, म्हणून ते साधले. भिंगामुळे पडद्याचा वरचा पातळ थर मध्यभागी किंचित सपाट होतो आणि दिवसा चष्म्यावाचून दूरचे दिसते. हे उसनवारीचे आहे, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. भिंगे घालणे थांबविले की नंबर परततो. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग सुमारे ४३ टक्के कमी आढळला. वाढ मंदावली, थांबली नाही.

पहिल्या रात्री डोळ्यांत कण गेल्यासारखे वाटते; डोळे मिटल्यावर ते कमी होते. सकाळी भिंग चिकटलेले आढळल्यास ओढू नये. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालून ते हलू लागेपर्यंत थांबावे. पहिल्याच सकाळी दृष्टी थोडी सुधारते, पण दुपार कलताच पुन्हा अंधुक होते, आणि जुना चष्मा तेव्हा जास्त नंबराचा ठरतो. यासाठी मधल्या नंबराची सोय डॉक्टरांकडून आधीच करून घ्यावी. पूर्ण परिणामास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. प्रौढ सभासदांनी या दिवसांत उधन्याहून रात्री गाडी चालवीत येण्याचे टाळावे. पहिल्या रात्रीनंतरची सकाळची तपासणी चुकवू नये.

आता पाण्याविषयी. आपल्या घरांत पाणी गाळून व उकळून पिण्याची चाल आहे आणि तिचा आम्हांस आदर आहे; परंतु ते पाणीही भिंगास वा डबीस लावू नये. गाळण्याने सूक्ष्म जंतू जात नाहीत आणि उकळलेले पाणी भांड्यात पुन्हा दूषित होऊ शकते. पाण्यातील अकँथअमीबा नावाचा जीव डोळ्यात शिरल्यास दृष्टी जाण्याची भीती असते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत व डॉक्टरांनी नेमलेले द्रावणच, रोज नवे, वापरावे. द्रावणाच्या बाटलीत काटकसर करणाऱ्या घराने हा उपचार घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड न सोसणे, यांपैकी काहीही दिसल्यास भिंग काढून ठेवावे आणि दुकान बंद करावे लागले तरी त्याच दिवशी मुलास नेत्रवैद्याकडे न्यावे. जाताना भिंग व डबी बरोबर घ्यावी. जंतूची परीक्षा करावयाची झाल्यास तीही लागतात.