अणुकेंद्राची कवचे व त्याचा आकार

तंजावरची गोल बुडाची बाहुली कितीही कलंडविली तरी पुन्हा उभी राहते; कारण उभ्या स्थितीत तिचा गुरुत्वमध्य सर्वांत खाली असतो. बुडातील वजन बाजूस सरकविले, तर ती तिरपीच स्थिरावेल. अणुकेंद्रही ज्या आकारात त्याची ऊर्जा किमान असते, तोच आकार धारण करते.

केंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन कवचांत राहतात. २, ८, २०, २८, ५०, ८२ या जादूच्या संख्यांना कवच पूर्ण भरते. केंद्र बहुधा गोल व स्थिर होते. ही उपपत्ती १९४९ साली मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सेन यांनी मांडली. २० प्रोटॉन व २० न्यूट्रॉन असलेले कॅल्शियम-४० हे तिचे उत्तम उदाहरण होय.

आता अल्पायुषी मॅग्नेशियम-३२ पाहा. न्यूट्रॉन २०च, परंतु प्रोटॉन अवघे १२. प्रोटॉनांची ओढ कमी पडल्याने कवचांतील अंतर घटते, काही न्यूट्रॉन वरच्या कवचात जातात व केंद्र लांबट होते. त्यास उत्तेजित करण्यास सुमारे ९ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. कॅल्शियम-४० ला ३३ लक्षांहून अधिक लागतात. सारांश, न्यूट्रॉनांच्या संख्येची जादू प्रोटॉनांच्या सोबतीवर अवलंबून असते.