माशांच्या कुळांतील रोगप्रतिकार

घरांत सर्दीतापाची सांथ शिरली असतां एक मूल अंथरुणास खिळतें आणि त्याच्याच शेजारीं निजणारें भावंड खेळत राहतें, हें पुष्कळ आईबापांनीं पाहिलें असेल. हा केवळ दैवाचा खेळ म्हणावा काय? ह्या प्रश्नावर नॉर्वे व स्कॉटलंड येथील मत्स्यपालनानें बराच प्रकाश पाडला आहे. तीच हकीकत आम्ही विद्यार्थिमित्रांपुढें मांडतों.

सामन हा थंड प्रदेशांतील मासा गोड्या पाण्यांत जन्मतो व पुढें समुद्रांत जातो. त्या देशांत तो प्रथम टाक्यांत व मग समुद्रांतील जाळ्यांत फार मोठ्या संख्येनें पाळितात. इतके जीव दाटीनें राहिले म्हणजे रोगास आयतें कुरण मिळतें. अशांपैकीं एक रोग म्हणजे सांसर्गिक स्वादुपिंडनाश. त्याचें कारण एक विषाणु होय. विषाणु स्वतः वाढूं शकत नाहीं. तो जिवंत पेशींत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रती करवून घेतो. नुकतीं खाऊं लागलेलीं पिलें आणि समुद्रांत नुकतेच सोडलेले कोवळे मासे ह्या रोगास विशेषेंकरून बळी पडतात.

माशाचें शरीर स्वस्थ बसत नाहीं. विषाणु शिरतांच पीडित पेशी इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडून शेजारणींस सावध करिते, आणि त्या विषाणूची वाढ रोखणारीं प्रथिनें तयार करितात. मागाहून त्याच विषाणूस ओळखणारीं प्रतिद्रव्यें निर्माण होतात. परंतु थंड पाण्यांत ह्या दुसऱ्या फौजेस सज्ज होण्यास कित्येक आठवडे लागतात. इवल्याशा पिलास लस टोंचणेंही शक्य नसतें. मग उपाय काय?

संशोधकांनीं निरनिराळ्या आईबापांचीं पिलें ह्या विषाणूपुढें ठेवून पाहिलीं, तेव्हां कांहीं कुळांची फार हानि झाली, तर कांहीं बहुतेक वांचलीं. ह्या फरकाचें मूळ मुख्यतः २६ व्या गुणसूत्राच्या एका भागांत आहे, असें २००८ सालीं स्कॉटलंडमध्यें व २००९ सालीं नॉर्वेमध्यें स्वतंत्रपणें प्रसिद्ध झालें. २०१५ सालीं नॉर्वेच्या संशोधकांनीं पेशीच्या पृष्ठभागावरील कॅडहेरिन ह्या प्रथिनाकडे बोट दाखविलें. दुर्बल कुळांत विषाणु त्यास चिकटतो, सबळ कुळांत चिकटत नाहीं; म्हणजे शत्रूस दाराची कडीच सांपडत नाहीं! पुढें त्याच भागांतील दुसऱ्या एका जनुकाकडेही संशोधकांचें लक्ष गेलें आहे.

परांचा लहानसा तुकडा तपासून सबळ नरमाद्या निवडतां येतात. अशा निवडीचीं अंडीं वापरांत आलीं, आणि नॉर्वेमध्यें २००९ सालीं जो रोग २०० हून अधिक वेळां उद्भवला, तो २०१५ सालीं सुमारें ३० वेळांच आढळला.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. कांहीं वर्षांनीं सबळ कुळांतील माशांतही तो रोग दिसूं लागला. कारण विषाणूनेंही आपलें रूप पालटलें होतें. निवडक बी पेरलें म्हणून शेतकरी राखण सोडीत नाहीं. तद्वत् स्वच्छता, बेताची दाटी व नित्य देखरेख हीं मत्स्यपालकासही सुटलीं नाहींत.

दोन भावंडांतील फरकास आहार, विश्रांति, पूर्वीचीं दुखणीं अशीं अनेक कारणें असतात. पण कांहीं अंशीं तो जन्मतःच मिळालेला असतो. म्हणून निरोग्यानें गर्व करूं नये, आणि आजारी भावंडास नाजूक म्हणून कोणीं हिणवूं नये.