रिले ओढत नाही? आधी मीटर लावा

अॅम्प्लिफायर चालू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा ‘टक्’ आवाज यावा लागतो. तो आला नाही की काही कारागीर बांधव रिलेच्या टोकांना तार जोडून मोकळे होतात. पण आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर डीसी थेट स्पीकरवर जाऊन त्याची कॉइल जळते.

आम्ही आधी स्पीकर काढतो आणि मेनमध्ये 100 वॅटचा तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये लावतो. बल्ब प्रखर पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. नाहीतर रिलेच्या अलीकडे, दोन्ही चॅनेलवर, ग्राउंड धरून डीसी मोजावा. काही व्होल्ट दिसले तर प्रोटेक्शन आपले कामच करीत आहे. दोष पॉवर विभागात शोधावा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर संशय प्रोटेक्शनवर. मग रिले कॉइलचा पुरवठा, विलंब लावणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ड्राय सोल्डर आणि रिले चालवणारा ट्रान्झिस्टर क्रमाने तपासावा.

ग्राहकाचा संच आपल्याकडे अमानत असतो. तार जोडून घेतलेली मजुरी ही दुरुस्तीची मजुरी नव्हे. ती हलाल कशी ठरेल, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.