सी भाषेत नावांची यादी : प्रत्येक स्ट्रिंगला मोजून जागा कशी द्यायची?



व्हिडिओत आपण कोड टाइप करून पाहिला. इथे त्यामागचा हिशेब समजून घेऊ.

समजा, वरूडच्या संत्रा व्यापाऱ्यासाठी तुम्ही बिलाचा प्रोग्राम लिहिताय. गावांची नावं मराठीत छापायची आहेत. बरेच जण सरळ १०० ओळींचा, प्रत्येक ओळीत २० कॅरॅक्टरचा अ‍ॅरे घेतात. वीस म्हणजे पुष्कळ झाले, असं वाटतं. गडबड इथेच होते.

आधी बाइट मोजा

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा वेगळी चिन्हं. शिवाय स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शेवटी १ शून्य बाइट लागतो.

- वरूड : ४ चिन्हं, १२ + १ = १३ बाइट
- पुसला : ५ चिन्हं, १५ + १ = १६ बाइट
- शेंदुरजना घाट : १२ चिन्हं, ३६ + स्पेसचा १ + १ = ३८ बाइट

आता ३८ बाइटचं नाव २० च्या ओळीत टाकलं, तर उरलेले १८ बाइट पुढच्या ओळीत सांडतात. मग त्या ओळीत ‘वरूड’ लिहिलं, की बिलावर बहुधा ‘शेंदुर’, एक मोडकं चिन्ह आणि लगेच ‘वरूड’ असं छापून येईल. प्रोग्राम बंदही पडू शकतो. म्हणजे माल एका गावचा आणि बिलावर नाव दोन गावांचं!

ओळ १०० बाइटची केली तर? तीन नावांना ३०० बाइट अडकले, खरी गरज ६७ ची. आणि उद्या त्याहून लांब नाव आलं, की पुन्हा तेच.

जागा दोन टप्प्यांत घ्या

१. आधी मॅलॉकने पॉइंटरची यादी घ्या. ६४-बिट मशीनवर एक पॉइंटर ८ बाइटचा, म्हणून तीन नावांना २४ बाइट. यात नाव नसतं, फक्त नावाचा पत्ता असतो.

२. मग प्रत्येक नावासाठी वेगळा मॅलॉक करा. माप एकच : स्ट्रलेन अधिक १. स्ट्रलेन अक्षरं नाही, बाइट मोजतो, त्यामुळे मराठीतही हिशेब बरोबर येतो. तो १ विसरलात, तर शून्य बाइट दुसऱ्याच्या जागेत जाऊन पडतो.

३. दर वेळी मॅलॉकने नल दिलाय का ते तपासा, मगच स्ट्रकॉपी करा.

यादी वाढली तर?

पॉइंटरची यादी रिअ‍ॅलॉकने मोठी करा. एकेक जागा वाढवत बसू नका. भरली की दुप्पट करा. रिअ‍ॅलॉकचं उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या. थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेतलं आणि नल आला, तर जुनी यादी मेमरीत राहते, पण तिचा पत्ता तुमच्या हातून जातो.

सोडताना उलटा क्रम

आधी एकेक नाव फ्री करा, शेवटी यादी. यादी आधी सोडली, तर नावांचे पत्ते कुठून आणणार? दिवसभर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ही गळती हळूहळू वाढते आणि मशीन जड होत जातं.

आजचा अभ्यास : ‘राजुरा बाजार’ला किती बाइट लागतील? आधी वहीवर मोजा, मग स्ट्रलेनने पडताळा. शून्य बाइट धरून उत्तर ३५ आलं, तर पुढच्या व्हिडिओला बिनधास्त या!